स्त्रासबूरची ट्राम : एका रिटायर कंडक्टरचा शेरा

पहिल्याच दिवशी मी विनातिकीट सापडता सापडता वाचलो. एकतीस वर्षं बेळगाव–कोल्हापूर रूटवर लोकांना तिकिटं दिलेला माणूस, आणि खिशात तिकीट असून विनातिकीट! फ्रान्सच्या स्त्रासबूर शहरात ट्रामचं तिकीट मशीनमधून काढलं म्हणजे झालं असं नाही. स्टॉपवरच एक छोटं मशीन उभं असतं, चढायच्या आधी तिकीट त्याला दाखवायचं, तेव्हा कुठं ते चालू होतं. ट्रामच्या आत ती सोय नाही. मी आपला तिकीट खिशात घालून ऐटीत बसलो आणि कंडक्टर कुठून येतोय बघत राहिलो. मुलीनं विचारलं, "बाबा, पंच केलंय न्हवं?" पुढच्या स्टॉपला खाली उतरवून पंच करायला लावलं. चेकिंगवाले कधी चढतील सांगता येत नाही. आणि 'नवीन आहे हो, ठाऊक नव्हतं' हे कारण लाईन चेकिंगला आमच्याकडं तरी कधी चाललंय?

मुलगी तिथं युनिव्हर्सिटीत रिसर्चला आहे, म्हणून मी आणि सौ. तीन आठवडे जाऊन आलो. दोघा-तिघांत मिळून 24 तासांचं एक तिकीट मिळतं, फिरायला आलेल्यांना तेच परवडतं. फक्त कार्डाचं आधी बघून ठेवा. माझं कार्ड मशीननं घेतलं नाही. मशीनला बोल लावत नाही. निघायच्या आधी बँकेत तीनदा विचारलं होतं, बाहेरच्या देशात चालतंय ना, तिन्ही वेळा "होय सर" आलं होतं.

गाडीबद्दल सांगायचं तर पायरीच नाही. फलाट आणि आतली जमीन एका पातळीत. सौ.चे गुडघे दोन वर्षांपासून बोलतात, आमच्या स्टँडवर बसची पहिली पायरी चढताना तिला मागून आधार द्यावा लागतो. इथं ती माझ्या आधी आत. काचा मोठ्या, बऱ्याच ठिकाणी रुळांच्या मधे हिरवं गवत. संध्याकाळी मात्र उभ्यानंच जावं लागतं, गर्दी आपल्यासारखीच. रेल्वे स्टेशनवर उतरलात तर एक ध्यानात ठेवा: ए आणि डी लाईनची ट्राम जमिनीच्या खाली मिळते, सी वर. आम्ही बॅगा घेऊन वर-खाली दोन चकरा मारल्या.

सगळ्या गावाचा मोठा जंक्शन म्हणजे 'ओम द फेर', अर्थ लोखंडी माणूस. तिथल्या एका औषधाच्या दुकानावर चिलखत घातलेला पुतळा आहे, त्यावरून नाव पडलं. वर काचेचं गोल छप्पर. या गावात जुनी ट्राम होती, ती 1960 साली बंद केली. मग 1989 च्या नगरपालिका निवडणुकीत मुद्दा काय, तर भुयारी मेट्रो हवी की रस्त्यावरची ट्राम! ट्रामच्या बाजूच्या कातरीन त्रोतमान निवडून येऊन महापौर झाल्या आणि 1994 ला ए लाईन सुरू झाली. आमच्यात निवडणूक कशावर लढतात ते इथं लिहीत नाही.

पण मला लिहायचंय ते डी लाईनबद्दल.

ही ट्राम ओम द फेरवरून जाते, पोर द्यु रँ हा फ्रान्सकडचा शेवटचा स्टॉप घेते आणि ऱ्हाईन नदीच्या पुलावर चढते. पुलापलीकडं जर्मनी. केल नावाचं गाव. सगळं मिळून वीसेक मिनिटं. एप्रिल 2017 पासून ती केलच्या स्टेशनपर्यंत जाते, पुढच्या वर्षी आणखी आत, केल राटहाउस म्हणजे तिथल्या नगरपालिकेपर्यंत नेली. तिकीट तेच, ड्रायव्हर तोच. मी मुद्दाम पुढं जाऊन उभा राहिलो. पुलाच्या मध्यावर काहीतरी होईल असं वाटत होतं. घंटा, बोर्ड, पोलीस, काहीतरी. काही नाही. समोरची पोरगी मोबाईलमधून मानसुद्धा वर करेना.

कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरचं कोगनोळी पार करताना माझं पोट कसं व्हायचं ते माझं मला ठाऊक. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की निपाणीतनं गाडी परत. पॅसेंजर उतरवायचे, कागलला लग्नाला निघालेल्या बाईला सांगायचं, "मावशी, पुढं जायना गाडी." ती माझ्याकडं असं बघायची की जणू हद्दीची रेघ मीच मारली.

आणि स्त्रासबूरनं काय कमी बघितलंय? 1871 ला जर्मनीकडं, 1918 ला फ्रान्सकडं, 1940 ला परत जर्मनी, 1944 ला परत फ्रान्स. एखाद्या म्हातारीनं घर न बदलता चार वेळा देश बदलला असेल. जुन्या गावात गल्ल्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत, फ्रेंच आणि तिथली अल्सेशियन. एका ट्राम स्टॉपचं नावच 'लांगस्ट्रोस ग्रांरू', दोन्ही भाषा एकाच बोर्डावर. मी त्या बोर्डाचा फोटो काढला. सौ. म्हणाली, "चर्चचा काढा की, बोर्डाचा काय काढताय?"

तिथंही सगळं गोड नाही. 2020 मध्ये कोरोनात ही ट्राम नदीच्या अलीकडंच थांबवली होती. 2024 च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं हद्दीवर तपासणी परत चालू केली, तेव्हा पासपोर्ट घरी ठेवून जाऊ नका.

केलला बघायला फार काही नाही. फ्रान्सची माणसं तिकडं साबण, शांपू, सिगारेट घ्यायला जातात, स्वस्त पडतं म्हणून. कोल्हापूरकडच्या गाड्या आमच्याकडं डिझेल भरायला यायच्या, तसंच. सौ.नं शांपूच्या सहा बाटल्या घेतल्या. येताना पुलावरून चालत या, बाजूनं चालणाऱ्यांना आणि सायकलींना वाट आहे. बाटल्या कुणी उचलायच्या हे आधी ठरवा.

एक राहिलंच. आमच्या ट्रामचं दार आपोआप उघडलं नाही, बटण दाबावं लागायचं. मी पहिल्यांदा दारासमोर उभाच राहिलो आणि पुढच्या स्टॉपवरून मागं चालत आलो.