कलरीमीटरने मॉनिटर कॅलिब्रेट करणे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पडद्यावर छान उजळ दिसणारी छायाचित्रे छापून आली की काळवंडलेली दिसत, म्हणून मी एक साधा कलरीमीटर, म्हणजे पडद्याचा रंग व प्रकाश मोजणारे उपकरण, घेतला आणि मॉनिटर कॅलिब्रेट करण्यासाठी, म्हणजे त्याचे रंग ठरावीक प्रमाणाशी जुळवण्यासाठी, डिस्प्लेकॅल या मोफत सॉफ्टवेअरसोबत तो काही महिने नियमित वापरला. उपकरणाचा उपयोग निश्चितच झाला. मात्र सर्वांत मोठा फरक रंगांच्या प्रोफाइलमुळे नव्हे, तर त्याआधीच्या ब्राइटनेसच्या मोजणीमुळे पडला.

पूर्ण ब्राइटनेसला बरेच मॉनिटर 250 ते 350 कँडेला प्रति चौरस मीटर इतका प्रकाश देतात, तर कागदाला खोलीतला प्रकाश परावर्तित करण्यापलीकडे काही करता येत नाही. अशा झगझगीत पडद्यावर चित्र दुरुस्त करताना आपण नकळत ते गडद करत जातो. मी ब्राइटनेस 120 वर, व्हाइट पॉइंट (पांढरा किती पिवळट वा निळसर दिसावा ते) 6500 केल्व्हिनला आणि गॅमा (काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते) 2.2 वर ठेवला. सुरुवातीला पडदा पिवळट आणि मलूल वाटतो, पण डोळे लवकरच सरावतात आणि मग मॉनिटरचा मूळ निळसर पांढराच खटकू लागतो.

मॉनिटरच्या मेनूत लाल, हिरवा व निळा यांचे स्वतंत्र गेन (त्या त्या रंगाची तीव्रता बदलण्याचे पर्याय) असतील, तर व्हाइट पॉइंट आधी तिथेच जुळवावा. तोही शक्यतो जास्त असलेला रंग कमी करून. उरलेली दुरुस्ती ग्राफिक्स कार्डमधील, रंगांची मूल्ये बदलणाऱ्या तक्त्यातून होते आणि ती जितकी मोठी, तितक्या रंगछटा हातच्या जातात, ज्याचा परिणाम आकाशासारख्या सलग उतरत्या छटांमध्ये पट्टे उमटण्यात दिसतो. लॅपटॉपमध्ये असे गेन सहसा नसल्याने तिथे सगळा भार या तक्त्यावरच येतो.

शेवटी तयार होणारे आयसीसी प्रोफाइल म्हणजे मॉनिटर कोणता रंग कसा दाखवतो याचे केवळ वर्णन असते, आणि ते वाचणाऱ्या प्रोग्रॅमलाच त्याचा फायदा होतो. छायाचित्र संपादनाचे चांगले सॉफ्टवेअर ते वाचते. इतर अनेक प्रोग्रॅम त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यामुळे वाइड गॅमट (नेहमीपेक्षा अधिक भडक रंग दाखवू शकणाऱ्या) मॉनिटरवर कॅलिब्रेशननंतरही काही ठिकाणी लाल रंग भडकच दिसतो. अशा वेळी मॉनिटरमधील एसआरजीबी मोड (रंग नेहमीच्या प्रमाणित मर्यादेत ठेवणारा) अधिक कामाचा ठरतो, जरी काही मॉनिटर त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलू देत नसले, जे मला अनाकलनीय वाटते.

कलरीमीटर रंग मोजतो तो फिल्टरमधून, त्यामुळे बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्याचा) प्रकार बदलला की त्याच्या मोजणीत चूक येऊ शकते. सॉफ्टवेअरमध्ये आपल्या पॅनेलला अनुरूप करेक्शन निवडल्यावर माझ्या पडद्यावरील पांढऱ्यातली हिरवट झाक गेली. तरीही वेगळ्या बॅकलाइटचे दोन मॉनिटर शेजारी ठेवले, तर आकडे तंतोतंत जुळूनही डोळ्यांना पांढरा रंग वेगळा दिसतो. तिथे मी आकडे बाजूला ठेवून दुसरा मॉनिटर नजरेनेच जुळवला. पडताळणीच्या अहवालातील डेल्टा ई (अपेक्षित आणि मोजलेल्या रंगातला फरक) कमी आला म्हणूनही हुरळून जाऊ नये, कारण त्याच उपकरणाने केलेली तपासणी त्याची स्वतःची चूक पकडू शकत नाही.

देखभाल फारशी नाही. मोजणीपूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा, नाइट लाइट आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करावा. मी साधारण महिन्याने पुन्हा मोजणी करतो. संगणक स्लीपमधून उठल्यावर ग्राफिक्स कार्डमधील दुरुस्ती कधीकधी निघून जाते आणि पडदा एकदम निळसर होतो. तेव्हा ती पुन्हा लोड करावी लागते.

छपाईसाठी काम करणाऱ्यांनी किंवा दोन पडद्यांवर चित्रे तपासणाऱ्यांनी हे उपकरण जरूर घ्यावे. मान थोडी हलवली तरी रंग बदलणारे जुन्या धाटणीचे टीएन पॅनेल असेल, तर तोच पैसा आधी, बाजूने पाहिल्यावरही रंग फारसे न बदलणाऱ्या चांगल्या आयपीएस मॉनिटरवर खर्च करावा. बाकीच्यांनी ब्राइटनेस उतरवून मेनूतील 6500 केल्व्हिनचा पर्याय निवडला, तरी बरेचसे काम विनाखर्च होते.