कण्हेरच्या होडीला इलेक्ट्रिक नांगर-विंच लावला, ८ महिने वापरून काय वाटलं

आधी सांगतो, होडी माझी नाही, दाजींची आहे. मी साताऱ्यात गाड्यांची वायरिंग, सेल्फ, अल्टरनेटर हेच काम करतो, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात आलं. दाजी कण्हेर धरणात मासे धरतात, १८ फुटी फायबरची होडी, मागं ९.९ एचपीचं इंजिन, आणि नांगर म्हणून इतकी वर्षं काय, तर एक वीस किलोचा दगड आणि नायलॉनचा दोर. गेल्या वर्षी खांदा धरला त्यांचा, हात डोक्याच्या वर जाईना, डॉक्टरनं सांगितलं ओढायचं काम बंद. आता जाळं तर पोरगा ओढतोय पण दिवसातनं आठ-दहा वेळा नांगर टाका-काढा कोण करणार, म्हणून नांगर ओढायचं मशीन, म्हणजे विंच, बसवू असं ठरलं.

पहिली चूक मीच केली. मुंबईला दुसऱ्या कामाला गेलतो तेव्हा दारूखान्यात चक्कर मारली, तिथं भंगारातल्या बोटींचा माल मिळतो, एका दुकानात उभा विंडलास (साखळी ओढणारा विंच) दिसला, स्टीलची बॉडी, चकचकीत, मोटर लावून बघितली तर फिरत होती, घेतला. हा असा असतोय की वर दात असलेली चाकी असते, तिला जिप्सी म्हणतात, साखळीच्या कड्या त्या दातांत बरोबर बसल्या की साखळी ओढली जाते आणि खाली डेकच्या पोटात पडते. दुकानदार म्हणाला कुठलीबी साखळी चालते. नाही चालत! ती जिप्सी ८ एमएमची होती आणि आमची साखळी ६ ची, दोन कड्या धरायची आणि तिसरीला खडखड करून सोडून द्यायची, नांगर अर्ध्यातनं परत खाली. नंतर कळलं की ६ एमएममध्येसुद्धा एका कडीची आतली लांबी कुठं १८ एमएम तर कुठं १८.५ असते, म्हणजे जाडी सारखी असून पण भागत नाही, जिप्सीवर जो नंबर लिहिलाय त्याच मापाची साखळी लागते.

बरं ८ ची साखळी घेऊ म्हटलं तर ती मीटरला साधारण १.४ किलो भरते, तीस मीटर म्हणजे चाळीस-बेचाळीस किलो, ते सगळं होडीच्या टोकाला, होडी नाक खुपसूनच चालणार. आणि साखळी खाली पडायला विंडलासच्या खाली निदान फूटभर मोकळी जागा पाहिजे, नाहीतर ढीग वर येऊन अडकतो. आमच्या होडीत पुढं डेकच्या खाली इनमीन आठ इंच. म्हणजे ते यंत्र वाईट नव्हतं, मोठ्या बोटीला उत्तम असणार, लेवमार, मॅक्सवेल, क्विक असल्या कंपन्या हेच बनवतात, पण आपल्या धरणातल्या होडीला ते नको. पैसे थोडे घालवून विकून टाकलं.

मग घेतला ड्रमवाला. यात जिप्सी-बिप्सी काही नाही, विहिरीवरच्या रहाटासारखा ड्रम, दोर आणि पुढची साखळी सगळं त्याच्यावरच गुंडाळलं जातंय, मापाची भानगड नाही, खाली जागा लागत नाही. चायनीज माल आहे, १२ व्होल्ट, ६०० वॉट, ऑनलाईन मागवला, मला घरपोच चाळीस हजाराच्या आसपास पडला. मिन कोटा कंपनीचा डेकहँड ४० विंच पण बघितलेला, तो १८ किलोपर्यंतचा नांगर उचलतो आणि बसवायला एकदम सोपा, पण दोर १०० फुटांचाच. आता हिशोब बघा, नांगर नीट धरायचा तर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडावा लागतो, कारण दोर जितका आडवा पडेल तितका नांगर गाळात रुततो, उभा ओढला की उपटून येतो. ४० फूट पाणी असलं तर २०० फूट दोर झाला. जेवायला तासभर थांबायचं आणि वारा नाही तर तिप्पट पण चालतो, पण दुपारनंतर मेढ्याच्या बाजूनं वारं सुटलं की तिप्पटीवर होडी सरकत सरकत काठाला. १०० फूट दोर म्हणजे पंधरा-वीस फूट पाण्यापुरताच. आमच्या ड्रमवर ८ एमएमचा नायलॉन ६० मीटर आणि पुढं ६ एमएमची साखळी ५ मीटर बसती, तेवढं पुरतंय.

ताकद किती पाहिजे यावर लोक उगाच गोंधळतात. सोपं आहे, नांगर अधिक साखळी अधिक दोर यांचं वजन करा आणि तीननं गुणा. आमचा नांगर ७ किलो, साखळी ४, दोर अडीच, साडेतेरा झाले, तिप्पट केले की चाळीस. चाळीस किलो तर कुठलंबी खेळणं ओढतंय. त्यामुळं डब्यावर ५०० किलो, ७०० किलो छापलेलं बघून भुलू नका, पैसे वायरीला ठेवा.

वायरीचं आता जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त लोक इथंच मार खातात. बॅटरी मागं इंजिनाजवळ, विंच पुढं टोकाला, जायला ५ मीटर यायला ५ मीटर, दहा मीटर वायर. विंच लोडवर ६० अँपियर खातो. विंचबरोबर आलेली वायर ६ स्क्वेअर एमएमची, तिच्यात दहा मीटरला दोन व्होल्ट पडतात, म्हणजे बॅटरीला १२ दाखवतंय आणि विंचला पोचतायत १०. मोटर रडत रडत फिरती आणि गरम होती. मी १६ ची टाकली, ड्रॉप पाऊण व्होल्टच्या आत आला. २५ ची टाकली असती तर अर्ध्या व्होल्टच्या आत आला असता, पण ती वळवायला जड आणि भाव बघून दाजींनी हात वर केले (चांगला हात). ट्रायलच्या दिवशी कंपनीच्या वायरीवर बटण दाबलं की रिले (मोटरला करंट जोडणारा स्विच) नुसता टकटकटकटक करायचा, दाजी म्हणाले मशीन खराब आलंय परत पाठव, मी मीटर लावला तर रिलेला व्होल्टेजच पुरत नव्हतं. असा टकटक आवाज आला की मशीनला शिव्या देण्याआधी वायर आणि बॅटरीची टर्मिनलं बघा. आणि बॅटरीपाशीच ८० अँपियरचा ब्रेकर टाका, पुढं नको, मधली वायर घासून शॉर्ट झाली तर पेट घेईल.

बॅटरी ट्रॅक्टरचीच ठेवली. आमच्या इंजिनाला दोरी ओढून स्टार्ट, चार्जिंग नाही, म्हणून रोज रात्री घरी नेऊन चार्जरला. एकदा नांगर वर घ्यायला दोन मिनिटं, म्हणजे २ अँपियर-तास, दिवसात दहा वेळा केलं तरी वीस, १०० च्या बॅटरीला ते काहीच नाही.

बसवताना डेकच्या खालून प्लायची जाड फळी आणि मोठे वॉशर, नुसत्या फायबरवर बोल्ट आवळले तर फायबर चिरतंय. पायाचं बटण असतं त्याला झाकण आहे तेच घ्या.

आता तक्रारी. एक, दोर ड्रमवर एकसारखा पसरत नाही, एकाच बाजूला डोंगर करतो आणि ताण आला की वरचा दोर खालच्या वेढ्यांत रुतून बसतो. मग दुसऱ्यांदा नांगर सोडायला जावं तर अडकलेला, स्क्रूड्रायव्हर घालून काढायचा. यावर उपाय हातानं दोर डावी-उजवीकडं द्यायचा, पण हातमोजे घालून आणि ड्रमपासून हातभर लांबून, पोराचं बोट एकदा जाता जाता वाचलंय. दोन, हातानं फिरवायचं हँडल नाही. घेताना हे विचारायलाच पाहिजे होतं, मी विसरलो. म्हणून दगड अजून होडीतच आहे.

तीन नंबरची तक्रार मशीनची नाही, आमची. धरणाच्या तळाला काय नुसता गाळ नाही, जुन्या वावरांचे बांध आहेत, विहिरी आहेत, बाभळीची खोडं आहेत. दिवाळीनंतर एकदा नांगर अडकला, दाजी बटणावर पाय ठेवून उभे, होडीचं नाक हळूहळू खाली, पाणी काठाच्या चार बोटं खाली आलं तरी पाय काढेनात! ब्रेकर पडला. परत उचलला, परत दाबलं. मग तो वास, जळक्या व्हार्निशचा, मी ज्या वासावर पोट भरतो तोच. मोटर खोलली तर कार्बन (मोटरला आत करंट देणारे ब्रश) संपलेले, ते ज्याच्यावर घासतात तो कम्युटेटर काळा ठिक्कर. घासून, नवीन कार्बन टाकून चालू केली, वाईंडिंग वाचलं हे नशीब.

विंच फक्त सुट्टा नांगर वर आणायला आहे. होडीला नांगराकडं ओढायला पण नाही, त्यासाठी इंजिन चालू करून हळू पुढं जायचं आणि ढिला झालेला दोर गुंडाळायचा. नांगर लागला की पण ओढ विंचवर ठेवायची नाही, दोर पुढच्या खुंट्याला बांधायचा, नाहीतर रात्रभर लाटांचे झटके गिअरला बसतात. अडकला तर खुंट्याला बांधून होडी फिरवून उलट्या बाजूनं इंजिननं ओढायची. आता आम्ही अजून एक केलंय, साखळी नांगराच्या खालच्या टोकाला, फाळाकडं बांधलीय आणि वरच्या कडीला नुसती सुतळीनं धरलीय. एरवी सुतळी टिकते, अडकला की जोरात ओढल्यावर सुतळी तुटते आणि नांगर उलटा, शेपटीकडनं सुटून येतो. तीन वेळा सुटलाय असा. सुतळी फार जाड नको आणि वारं फिरतंय अशा रात्री हे करू नका, होडीनं दिशा बदलली की सुतळी तुटून नांगर आपसूक निघू शकतो.

तर घ्यावा का, तर घ्या, ड्रमवाला घ्या, हँडल असलेला घ्या, वायर निदान १६ ची टाका. खांदा शाबूत असेल आणि दिवसातनं एकदाच थांबत असाल तर दगडच बरा.

मे मध्ये पाणी खाली गेलं की खोडं उघडी पडतात, तेव्हा काठानं फिरून कुठं कुठं बाभळी आहेत त्याचे मोबाईलवर लोकेशनसकट फोटो काढून ठेवायचेत, दाजी म्हणतायत मला सगळ्या पाठ आहेत, पण दिवाळीत कुठं गेलतं ते पाठांतर.