माळ्यावरच्या जुन्या लेन्स कुठल्या बॉडीवर लावायच्या: कॅनन, निकॉन की मिररलेस?

कोकणात बऱ्याच घरांत माळ्यावर एखादा जुना फिल्म कॅमेरा निघतोच, कुणाचे काका बोटीवर होते, कुणाचा मामा आखातात होता, कुणाच्या आजोबांचा बाजारपेठेत स्टुडिओ होता. कॅमेरा कधीच बंद पडलेला असतो पण लेन्स शाबूत असते, आणि मग डोक्यात किडा वळवळतो की ही आत्ताच्या डिजिटल बॉडीवर बसेल का. बसायला ती जवळजवळ कशावरही बसते हो, पण बसल्यावर कामाची राहते का हे बघायचं असेल तर ब्रँड बाजूला ठेवा आणि एक आकडा बघा.

तो आकडा म्हणजे माऊंटपासून (लेन्स जिथे बसते ते कडं) सेन्सरपर्यंतचं (फोटो टिपणारी चिप) अंतर. स्क्रूवाल्या एम ४२ लेन्सना, म्हणजे रशियन हेलिओस, जपानी टाकुमार वगैरे, ४५.४६ मिमी अंतर लागतं, पेंटॅक्स के ला पण तेवढंच. निकॉन एफ ४६.५, ऑलिंपस ओएम ४६, मिनोल्टा एमडी ४३.५ आणि कॅननच्या जुन्या एफडीला ४२. आता बॉडीकडे बघा: निकॉनचे डीएसएलआर (आत आरसा असलेले डिजिटल कॅमेरे) ४६.५, कॅननचे डीएसएलआर ४४, आणि मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्यांत, कॅनन आरएफ २०, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६. बॉडीचा आकडा लेन्सपेक्षा लहान असेल तर मधल्या जागेत अडॅप्टर, म्हणजे लेन्स आणि बॉडी जोडणारी रिंग, मावतो. मोठा असेल तर लेन्स सेन्सरपासून लांब पडते आणि दूरचं फोकस संपलं.

म्हणून निकॉन डीएसएलआर आणि घरात एम ४२ लेन्स अशी जोडी असेल तर मी सरळ नाही म्हणेन. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा आहे हे खरं, पण त्या एका मिलिमीटरमुळे ५८ मिमीची हेलिओस साधारण सव्वातीन मीटरपलीकडे फोकसच करत नाही, आणि २८ मिमीची असेल तर मीटरभराच्या आतच खेळ खलास. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ला काढायचा म्हटलं तर जेटीला लागलेली होडी पण शार्प मिळायची नाही. काचवाला अडॅप्टर मिळतो, त्यात मध्ये एक दुरुस्तीची काच असते आणि दूरचं फोकस परत येतं, पण स्वस्तातली काच कॉन्ट्रास्ट खाते, मग जुन्या लेन्सची जी मजा होती तीच गेली ना. काच काढून पावसाळ्यात सड्यावरची (कातळपठारावरची) फुलं जवळनं काढायला वापरा, त्याला मस्त चालते.

निकॉनवर निकॉनच्याच जुन्या लेन्स मात्र वेगळी गोष्ट, त्यांना अडॅप्टरच लागत नाही कारण माऊंट १९५९ पासून तोच आहे. फक्त डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडी जुन्या मॅन्युअल लेन्सबरोबर मीटरिंग करत नाहीत, म्हणजे उजेड मोजत नाहीत, एक्स्पोजर अंदाजाने किंवा हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) बघून लावायचं. डी ७००० किंवा डी ७५० सारख्या बॉडीत लेन्सची माहिती भरली की मीटर चालतो, पण तिथे १९७७ च्या आधीची, एआय न केलेली (निकॉनच्या त्या सालच्या नव्या पद्धतीला न जुळवलेली) लेन्स जबरदस्तीने फिरवू नका, बॉडीवरचा छोटा खटका तुटू शकतो.

कॅनन डीएसएलआर ह्या बाबतीत बरा. एम ४२, निकॉन, ओएम सगळं बिनकाचेच्या पातळ रिंगवर बसतं आणि अनंतापर्यंत फोकस होतं. गंमत म्हणजे कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स अशा चालत नाहीत, १९८७ साली ईएफ माऊंट आणला तेव्हा अंतर बदललं ते कायमचं. फुल फ्रेम (फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरची) बॉडी असेल तर काही लेन्सची मागची बाजू आरशाला घासते, तेवढं आधी विचारून घ्या.

पण कॅननची खरी अडचण व्ह्यूफाइंडरमध्ये आहे. हल्लीच्या बॉडीतला फोकसिंग स्क्रीन ऑटोफोकस लेन्ससाठी बनवलेला, त्यात एफ १.४ ची, म्हणजे लेन्स पूर्ण उघडल्यावरची, उथळ फोकस खोली दिसतच नाही, तुम्हाला वाटतं डोळा शार्प आहे आणि घरी येऊन बघावं तर कान शार्प. शिवाय ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) हाताने बंद करायचं, म्हणजे एफ ८ ला व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. यावर उपाय म्हणजे लाइव्ह व्ह्यू लावून झूम करून फोकस करणं, जे घरात ट्रायपॉडवर झकास चालतं, पण तारकर्लीच्या वाळूत दुपारी बाराच्या उन्हात त्या मागच्या स्क्रीनवर स्वतःचं तोंड सोडून काही दिसत नाही.

इथे मिररलेस सरळ जिंकतो. व्ह्यूफाइंडर इलेक्ट्रॉनिक असल्याने उन्हाचा त्रास नाही, ॲपर्चर बंद केलं तरी चित्र उजळ राहतं, फोकस पीकिंग लावलं की शार्प कडा रंगीत दिसतात, आणि एक बटण दाबून डोळ्यापर्यंत झूम करता येतं. माझं मत विचाराल तर पीकिंगवर फार विसंबू नका, एफ २ च्या आत ते उगाच खूश करतं, झूमच खरं. मेनूत लेन्सशिवाय शटर चालू द्यायचा ऑप्शन ऑन करा, नाहीतर कॅमेरा क्लिकच करणार नाही आणि तुम्ही अडॅप्टरला शिव्या घालत बसाल. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा मिमीचा आकडा, हाताने भरायची. एम ४२ लेन्सवर ऑटो-मॅन्युअल खटका असेल तर तो मॅन्युअलवर ठेवायचा, नाहीतर ॲपर्चर उघडंच राहतं.

बजेट कमी असेल तर सेकंडहँड सोनी ए ६००० सुद्धा पुरतो, २०१४ चं मॉडेल आहे पण या कामाला अजून ठणठणीत. फक्त त्याच्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर ५० मिमीची लेन्स ७५ सारखी दिसते आणि २८ ची ४२ सारखी, म्हणजे पडवीत बसलेल्या अख्ख्या घराचा गणपतीतला फोटो काढायला जुनी वाइड उपयोगाची नाही, तिथे कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्सच काढा. फुल फ्रेम जुना ए ७ मिळाला तर लेन्स जशी बनवली तशी दिसते.

आता मॅन्युअल विरुद्ध साधी नवीन ५० मिमी एफ १.८ ऑटोफोकस. दशावताराला गेलात की फरक लगेच कळतो. नाटक सुरू व्हायच्या आधी आत राजपार्टी (राजाची भूमिका करणारा नट) पेटीवर छोटा आरसा टेकवून स्वतःच स्वतःचं तोंड रंगवत बसलेला असतो, बल्बचा पिवळा उजेड, माणूस हलत नाही, तुम्ही लेन्सची रिंग हळूहळू फिरवत पापणीवर आणता आणि मागचे मुकुट, कापडं सगळं गोल गोल विरघळतं, हेलिओस ४४-२ चा तो भोवऱ्यासारखा बॅकग्राऊंड इथे जो दिसतो तो नव्या लेन्समध्ये येत नाही. पण तासाभराने रंगमंचावर तलवारी फिरायला लागल्या, की मॅन्युअल लेन्सवाला बसतो फोकस शोधत आणि ऑटोफोकसवाला फोटो घेऊन मोकळा. हर्णैच्या संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात तेच, शिमग्याला पालखी नाचवताना तर विचारूच नका.

आणि हे सगळं लेन्समध्ये बुरशी नसेल तर. आपल्या हवेत माळ्यावर चार पावसाळे काढलेली लेन्स आधी तपासल्याशिवाय अडॅप्टर मागवू नका. ॲपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. धूळ चालते, चार ठिपके फोटोत दिसत पण नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतू फुटलेल्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, कडेला थोडी असेल तर साफ होते, पण काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर उजेडासमोर फोटो धुरकट येणार आणि साफसफाईचा खर्च नव्या लेन्सच्या जवळ जातो. टाकुमारची ५० मिमी एफ १.४ पिवळट दिसली तर घाबरू नका, काही मॉडेलच्या काचेत थोरियम आहे त्यामुळे ती पिवळी पडते, उन्हात काही दिवस ठेवली की बरीच निवळते. साफ लेन्स घरात आल्यावर सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात, शक्य असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवणाऱ्या ड्राय कॅबिनेटमध्ये. कातडी पाउचमध्ये तर अजिबात नको. खाऱ्या वाऱ्याला ना जुन्या लेन्सला सील असतं ना अडॅप्टरला, त्यामुळे किनाऱ्यावर लेन्स बदलायची सवय असेल तर मोडा.

तर घरात साफ लेन्स आहे आणि मिररलेस बॉडी आहे, घ्या अडॅप्टर, बिनधास्त. घरात लेन्स आहे (एफडी आणि मिनोल्टा सोडून) पण बॉडी कॅनन डीएसएलआर, तर स्वस्तातली रिंग घेऊन बघा, आवडलं तर पुढे बॉडी बदलायचा विचार. निकॉन डीएसएलआर आणि परकी लेन्स, नको. आणि घरात लेन्सच नाही, नुसते इतरांचे फोटो बघून मुंबईहून जुनी लेन्स मागवायचा बेत असेल, त्यात पुन्हा लग्नं नाहीतर जत्रा काढायच्या असतील, तर आधी ऑटोफोकस ५० घ्या.

अडॅप्टर घेताना लेन्स लावून हलवून बघा, खडखडत असेल तर परत करा. ०.७१ वाले फोकल रिड्यूसर, जे एपीएस-सी वर बरीचशी फुल फ्रेमची रुंदी देतात आणि वर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढवतात, ते चांगले असतात पण महाग, साध्या रिंगवर हात बसल्यावरच त्यांच्या नादी लागा.