थर्मोस्टॅटवर २९.० दिसतंय, पण अंडं किती अंशांवर आहे? सापांची अंडी उबवायच्या पेटीचा पाच महिन्यांचा अनुभव

मे ते सप्टेंबर सलग चालवलेली जोडणी अशी: डब्ल्यू-१२०९ हा बारा व्होल्टचा थर्मोस्टॅट, ३० वॅटची बारा व्होल्टची हीटिंग मॅट, मासळी बाजारातून आणलेली जाड थर्माकोलची पेटी आणि तापमानाच्या नोंदीसाठी डीएस१८बी२० सेन्सर. अंडी नाग आणि धामणीची. पाया खणताना, गंजी उपसताना, उसाच्या बांधावर जेसीबी फिरताना निघतात ती. (घोणस पिल्लंच घालते, तिचा इथे प्रश्न नाही.) १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी हलवणंसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. तेव्हा आधी वन खात्याची परवानगी, मग पेटी.

थर्मोस्टॅट दीड-दोनशे रुपयांत मिळतो आणि त्या पैशात उत्तम आहे. फक्त तो ०.१ अंश दाखवतो म्हणजे तेवढा अचूक असतो असं समजू नका. एकाच दुकानातून घेतलेल्या तीन नगांत एक ०.८ ने जास्त दाखवत होता, एक अर्धा अंश कमी, तिसरा ठीक. म्हणून अंडी ठेवायच्या आधी मेळ घालायचाच. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ गच्च भरा, फटी बुजतील एवढंच पाणी घाला, ढवळा, दहा मिनिटांनी प्रोबचं (थर्मोस्टॅटच्या वायरीला असलेल्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं) टोक मधोमध धरा. शून्य दिसायला हवं. मग दुसऱ्या थर्मासमध्ये ३७ अंशांच्या आसपासचं पाणी. तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि प्रोब रबरबँडने बांधून, टोकं एका पातळीत ठेवून बुडवा. हा थर्मामीटर सगळ्यात जास्त आलेला आकडा धरून ठेवतो, त्यामुळे बीप वाजताच दोन्ही आकडे टिपायचे. पाणी निवल्यावर वाचलात तर फसाल. प्रोब बर्फात ०.४ आणि कोमट पाण्यात ०.९ जास्त दाखवत असेल, तर २९ अंशांना फरक ०.८ धरा आणि पी४ मध्ये, म्हणजे थर्मोस्टॅटच्या आकडा दुरुस्त करायच्या सेटिंगमध्ये, वजा ०.८ भरा.

उकळत्या पाण्यात १०० बघून प्रोब तपासणारे बरेच आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, इथे पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. चांगला प्रोब त्या नादात बिघडवून ठेवाल.

प्रोबची जागा हा खरा कळीचा मुद्दा, महाग सेन्सर घेऊनही सुटत नाही. पेटीच्या तळाशी आणि झाकणाखाली दोन अंशांचा फरक सहज पडतो. थर्मोस्टॅटचा प्रोब व्हर्मिक्युलाइटमध्ये (अंडी ज्यात ठेवतात त्या ओल धरणाऱ्या भुसभुशीत खनिजात) पुरला तर त्याला ऊब उशिरा कळते, तोवर मॅट तापत राहते आणि आकडा वर उडतो. तो अंड्यांच्या उंचीवर, हवेत, मॅटपासून लांब टांगावा. नोंदीचा सेन्सर मात्र वेगळा: औषधाची २०-३० मिलीची बाटली पाण्याने भरा, झाकणाला भोक पाडून टोक आत सोडा आणि बाटली अंड्यांशेजारी तशीच अर्धी पुरा. झाकण उघडलं की हवेतला आकडा क्षणात तीन अंश पडतो, बाटलीतला जेमतेम हलतो. अंड्याचं तसंच असतं. भरवसा या बाटलीवर ठेवायचा.

पी१, म्हणजे मॅट बंद होण्याचा आणि पुन्हा चालू होण्याचा आकडा यांतलं अंतर, मूळचा २ अंशांवर येतो, तो ०.५ करा. ०.१ केलात तर रिले (मॅट चालू-बंद करणारा स्विच) दिवसभर टकटक करतो आणि एक दिवस त्याचे पॉइंट चिकटून बसतात. मग मॅट बंदच होत नाही आणि घरटं शिजतं. यावर उपाय एकच, दुसरा थर्मोस्टॅट त्याच वायरीत सिरीजमध्ये, ३१.५ वर लावलेला. आठवड्यातून एकदा त्याचा प्रोब मुठीत धरून बघा. रिले सुटल्याचा आवाज आला पाहिजे.

नागाला आणि धामणीला २८ ते ३० अंश पुरतात. २६ ला पिल्लं उशिरा निघतात, एवढंच. ३३ च्या वर सतत राहिलं तर पाठीचा कणा वाकडा होतो किंवा पिल्लू आतच मरतं. मगरी-कासवांसारखं तापमानावर नर-मादी ठरत नाही, त्या भानगडीत पडू नका.

नोंदीत अचानक ८५ दिसलं तर घाबरू नका. डीएस१८बी२० चालू होताना तोच आकडा देतो, मोजणी व्हायच्या आत तुमच्या प्रोग्रॅमने वाचलाय. उणे १२७ म्हणजे वायर सुटली. ओलावा मोजायला लावलेला डीएचटी२२ महिनाभरात ९९.९ वर अडकला. भरलेल्या दमटपणात तो टिकत नाही. त्यापेक्षा व्हर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने सारखं घ्या आणि अंड्यांचा डबा दर आठवड्याला तोला. जेवढे ग्रॅम घटले तेवढं पाणी कडेने सोडा, अंड्यांवर नाही. अंडी फिरवायचीही नाहीत, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून ठेवा.

करंट जाणं हे खानापूरकडे पावसाळ्यात रोजचंच, म्हणून सगळं बारा व्होल्टवर. मॅट अडीच अँपिअर ओढते, पण एक तृतीयांश वेळच चालू असते. ७ एएचची बॅटरी अर्धी वापरली तरी चार तास निघतात. उन्हाळ्यात अडचण उलटी. थर्मोस्टॅट तापवतो, थंड करत नाही. अथणी-चिकोडीकडे मे महिन्यात पत्र्याखाली पेटी ठेवलीत तर आकडा ३४ वर जाईल आणि मॅट बंदच असेल. मातीच्या भिंतीची आतली खोली, जमिनीलगत, हीच जागा.

शेवटच्या पंधरवड्यात अंडी स्वतःच थोडी ऊब देतात. तेव्हा बाटली हवेपेक्षा अर्धा अंश जास्त दाखवायला लागली, तर सेन्सर बिघडला म्हणून पी४ ला हात लावू नका. सेटिंग अर्ध्या अंशाने उतरवा आणि दर दोन दिवसांनी झाकण मिनिटभर उघडा.