जुजबंदीची वही: सहा महिन्यांच्या वापरानंतर

रोजनिशी लिहिण्याचा माझा संकल्प दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास बारगळत असे आणि त्याचे खापर मी बरीच वर्षे स्वतःच्या आळसावर फोडत आले. गेल्या श्रावणात बेळगावच्या शहापूर भागातील एका बाइंडरकडून मुद्दाम जुजबंदीने, म्हणजे दोऱ्याने शिवून, बांधून घेतलेली वही सहा महिन्यांत भरत आली आहे. तेव्हा निम्मा दोष वह्यांचाही होता असे म्हणण्यास हरकत नसावी. बाजारातली जाड डायरी मधोमध उघडून ठेवली की आपणहून मिटते. एका हाताने ती दाबून धरून दुसऱ्या हाताने लिहिणे, दूध तापत ठेवल्यापासून ते उतू जाईपर्यंतच्या दहा मिनिटांत तरी, मला कधी साधले नाही.

शिवाय माझ्या नोंदी एका जातीच्या नाहीत. खडेबाजारातून आणलेल्या सामानाचा खर्च, परसातल्या अबोलीला कळ्या केव्हा धरल्या, किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरील दगडी कमळाचे पेन्सिलीने केलेले अर्धवट रेखाटन, आणि या सगळ्याच्या शेजारी कसुतीचे, म्हणजे इकडच्या कर्नाटकी भरतकामाचे, आलेख. कसुती कापडावर छापून भरत नाहीत, ताणाबाणा मोजून भरतात. गाठ मारायची नाही आणि गवंतीचा टाका तर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला पाहिजे, त्यामुळे जाताना कोणती घरे सोडली आणि परतताना ती कशी भरली हे लिहून ठेवले नाही तर आठ दिवसांनी आपलेच काम आपल्याला उलगडत नाही. त्यासाठी चौकटीचा कागद हवा, लिहिण्यासाठी रेघांचा हवा, आणि दोन्ही एकाच वहीत हवेत.

बाइंडरने ही मागणी ऐकून घेतली आणि “होतंय की ताई, चौकटीचा कागद तेवढा तुम्ही आणून द्या,” एवढेच म्हणाले. कन्नडमध्ये आकडे मोजत त्यांनी हिशेब केला: चार ताव मधोमध दुमडून सोळा पृष्ठांचा एक फर्मा, बाहेरचे दोन ताव रेघांचे, आतले दोन चौकटीचे, असे बारा फर्मे, म्हणजे १९२ पृष्ठे. प्रत्येक फर्मा घडीतून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचा आणि शेजारच्या फर्म्याशी गुंफायचा, हीच जुजबंदी. नुसत्या डिंकाने पाठ चिकटवलेल्या वहीत पान घडीपर्यंत उघडत नाही. इथे ते टेबलावर सपाट पडते. फर्म्याच्या मध्यावर तर दोरा दिसतो आणि डावे-उजवे पान मिळून चौकटींचे एकच सलग मैदान होते. कसुतीतल्या गोपुराच्या नक्षीची एक रुंद किनार मी तिथे न तोडता उतरवू शकले, हा या वहीने दिलेला सर्वांत मोठा आनंद.

दुसरी गोष्ट मी मागितलीही नव्हती. कापडाचे नमुने चिकटवणार असल्याचे बोलण्याच्या ओघात सांगितले, तेव्हा त्यांनी प्रत्येक फर्म्यानंतर बोटभर रुंदीची कागदाची पट्टी शिवून टाकली. त्यामुळे पाठीकडे जाडी वाढून आत जागा राहते आणि खणाचे, इरकलीच्या काठाचे तुकडे लावूनही वही तोंड वासून बसत नाही.

आता तक्रारी. आठ दिवसांचा वायदा तीन आठवड्यांवर गेला आणि दर खेपेस उत्तर “उद्या या” हेच होते. ऐन पावसात खळ नीट वाळण्याआधीच वही हाती आल्यामुळे वरचा पुठ्ठा किंचित वाकला, तो घरी पाट्याखाली ठेवूनही पुरता सरळ झाला नाही. रेघांच्या कागदावर शाईच्या पेनाचे अक्षर फुटत नाही, परंतु जलरंगाचा हात फिरवताच पान सुरकुतते. रंगवणाऱ्यांनी ही वही घेऊ नये.

तिसरा दोष मात्र माझ्या पदरी घालावा लागेल. मी ए-४ मापाचा चौकटीचा कागद नेला होता. अशा कागदातील तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे तो मधोमध दुमडला की तंतू पाठीला आडवे येतात, पान ताठ उभे राहते आणि दमट हवेत घडीजवळ लहरी उठतात. रेघांचा कागद बाइंडरने मोठ्या तावातून दिशा पाहून कापला होता, म्हणून ती पाने शहाण्यासारखी पडून राहतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. जिकडे तो सहज वाकेल ती घडी पाठीकडे ठेवावी. हे मला कागद घेण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, आणि खरे म्हणजे कागद हातात घेताना बाइंडरनेच सांगायला हवे होते.

मजुरी ३८० रुपये पडली, कागद वेगळा. छापील डायरीहून हे महाग आहे, पण ती डायरी चाळीस पानांपुढे गेली नव्हती हे लक्षात घेता मला ते जड वाटले नाही. दुसऱ्या वहीचे काम गेल्या आठवड्यात टाकून आले. पाऊस नाही, ताव दिशा पाहून घेतले आहेत, आणि पुठ्ठ्यावर लावण्यासाठी निळ्या खणाचा उरलेला तुकडा दिला आहे. अजून तरी उत्तर “उद्या या” असेच आहे.