कोंबडीचा पंख, कॅडॅव्हर की व्हीआर: न्यूरोसर्जरीचा हात कशावर बसवायचा?

सिम्युलेशनसाठी, म्हणजे रुग्णाला हात लावण्याआधीच्या सरावासाठी, पैसे मंजूर झाले की न्यूरोसर्जरी विभागाची नजर आधी व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) मशीनवर जाते. पाहुण्यांना दाखवायला ते छानच दिसतं. पण कोटेशन मागवण्याआधी रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ सर्जनला, नेमकं काय शिकवायचंय ते ठरवा.

रक्तवाहिन्या जोडायला शिकवायचं असेल तर चिकनच्या दुकानातला पंख आणा. त्यातली ब्रेकियल आर्टरी ही धमनी साधारण १ मिमीची, म्हणजे एसटीए-एमसीए बायपासमध्ये (टाळूच्या त्वचेतली धमनी मेंदूतल्या धमनीला जोडतात ती सर्जरी) भेटते जवळपास तेवढीच. टेबलावरचा मायक्रोस्कोप, १०-० नायलॉनचा अतिबारीक धागा, दोन ज्वेलर्स फोर्सेप्स, मायक्रो कात्री आणि नीडल होल्डर, एवढ्यावर काम भागतं. टाका घेताना मागची भिंत चुकून सुईत आली, तर सिरिंजनं पाणी सोडल्याबरोबर कळतं: पाणी अडतं. स्कोअर सांगायला मशीन लागत नाही. १९६७ मध्ये झुरिचला हा बायपास करण्याआधी न्यूरोसर्जन याशारगिल अमेरिकेत व्हरमाँटला सर्जन डोनाघींच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या रक्तवाहिन्यांवर टाके घालत होते, हे मशीनवाल्यांनी जरा आठवावं. पंखाला कवटी नाही, हे मात्र खरं. खोलातलं काम शिकायला तीच जोडणी एखाद्या उभ्या डब्याच्या तळाशी करायला लावा. हात कुठे टेकवायचा इथपासून सगळं बदलतं.

कवटीच्या तळाची सर्जरी शिकायची तर कॅडॅव्हरला, म्हणजे मृतदेहाला, पर्याय नाही. कानामागचं खोलातलं पेट्रस हाड ड्रिल करताना ड्रिलच्या टोकाखाली लागणारा फरक खऱ्या हाडातच कळतो. फॉर्मलिनमधला मेंदू मात्र कडक असतो, नीट बाजूला होत नाही, आणि रक्तही येत नाही. लाल-निळं लेटेक्स भरलं असेल तर निदान धमन्या-शिरा ओळखू येतात. शिवाय एकदा उघडलेली बाजू पुन्हा उघडता येत नाही.

व्हीआरचा फायदा नेमका इथे: तीच केस हवी तितक्यांदा. कॅनडात घडलेल्या न्यूरोटच या सिम्युलेटरच्या वंशातलं न्यूरोव्हीआर मशीन ट्यूमर काढताना निरोगी मेंदूवर किती जोर पडला तेही मोजतं. ईव्हीडीची, म्हणजे मेंदूतलं पाणी बाहेर काढायच्या नळीची, दिशा बसवायलाही व्हीआर चांगलं. टाक्याचा स्पर्श मात्र तिथे शोधू नका.

माझा क्रम सरळ आहे. आधी मायक्रोस्कोप आणि हत्यारं, मग कॅडॅव्हर वर्कशॉपच्या जागा. व्हीआर शेवटी, तेही आठवड्याला तासभर शेजारी बसणारा कन्सल्टंट असेल तरच. मोठी खरेदी करायचीच असेल, तर आधी दिल्लीच्या एम्समधली न्यूरोसर्जरीची स्किल्स लॅब बघून या.