लाइम रीजिसच्या समुद्रकाठच्या पायवाटा: मुलाबाळांसह चालणाऱ्यांसाठी परीक्षण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट काउंटीच्या पश्चिम टोकाला वसलेले लाइम रीजिस हे लहानसे गाव मुलांना सोबत घेऊन समुद्रकाठाने चालण्यासाठी अतिशय सोयीचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. मात्र त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून मगच वाट निवडणाऱ्या कुटुंबालाच ही सोय पुरेपूर मिळते. माहितीपत्रकांत वाटांची लांबी आणि चढ दिलेला असतो व त्यावरून ‘कुटुंबासाठी योग्य’ असा शिक्का मारलेला असतो. या किनाऱ्यावर तेवढे पुरेसे नाही. सकाळी दहा वाजता पाच वर्षांच्या मुलाला हात धरून नेण्याजोगी असलेली वाट दुपारी दोन वाजता पाण्याखाली असू शकते. गावाची खरी थोरवी अशी, की भरती असो वा ओहोटी, प्रत्येक वेळेला चालण्यासारखे काही ना काही येथे मिळते.

सर्वांत सोपी वाट मरीन परेडची. गावाच्या मध्यापासून बंदरापर्यंत पाण्याच्या कडेने जाणारा हा सपाट रस्ता बाबागाडीसाठी उत्तम आहे आणि चालायला नुकत्याच शिकलेल्या मुलालाही झेपतो. या वाटेच्या शेवटी कॉब हा बंदराला कवेत घेणारा वळणदार दगडी धक्का लागतो. मध्ययुगापासून येथे असा धक्का आहे आणि १८२४ च्या भीषण वादळात त्याची मोठी हानी झाल्यावर त्याची नव्याने बांधणी झाली. पालकांनी मात्र येथे सावध राहिले पाहिजे. धक्क्याच्या वरच्या पातळीला कठडा नाही, पृष्ठभाग समुद्राच्या बाजूला स्पष्टपणे उतरता आहे आणि ओला झाला की तो निसरडा होतो. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडांच्या, ‘आजीचे दात’ अशा नावाने ओळखल्या जाणाऱ्या उघड्या पायऱ्या मुलांना फार खुणावतात. त्या लांबूनच दाखवाव्यात. वारा असेल तर खालच्या, बंदराकडच्या पातळीवरूनच चालावे. तेथून होड्याही जवळून दिसतात.

कॉबच्या पश्चिमेला मनमथ बीच सुरू होतो आणि माझ्या मते लाइम रीजिसला मुलांना आणण्याचे सर्वांत मोठे कारण तेथेच आहे. ओहोटी पुरेशी उतरली, की चुनखडीच्या सपाट थरांवर अमोनाइटांचे, म्हणजे वेटोळ्या शंखाच्या नामशेष समुद्री प्राण्यांचे, ठसे उघडे पडतात. काही वेटोळी मुलाच्या तळहाताएवढी, तर काही दोन्ही हात पसरूनच मापता येतील एवढी असतात, आणि ती एकमेकांच्या शेजारी शेकड्यांनी पसरलेली असतात. हे प्राणी सुमारे १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात राहत असत. आपल्याकडे गंडकी नदीतून येणाऱ्या शाळिग्रामात जे चक्र दिसते तेही अमोनाइटाचेच असल्यामुळे, देवघरात शाळिग्राम पाहिलेल्या मुलाला ही आकृती लगेच ओळखीची वाटते. संग्रहालयातील काचेमागच्या वस्तूपेक्षा पायाखाली असलेली, बोट फिरवून पाहता येणारी ही वेटोळी मुलांच्या मनात कितीतरी खोल जातात. वाट अंतराने अगदी थोडी असली तरी गोट्यांवरून आणि शेवाळलेल्या दगडांवरून जावे लागते, त्यामुळे बाबागाडी निरुपयोगी ठरते आणि तान्ह्या मुलाला पाठीवरच घ्यावे लागते. ओहोटीच्या नीचतम वेळेच्या तास-दीड तास आधी निघावे, म्हणजे पाहायला निवांत वेळ मिळतो आणि पाणी परतण्यापूर्वी मागे येता येते. येथील दगड फोडून काहीही नेऊ नये, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

पूर्वेला चार्मथ या शेजारच्या गावापर्यंतची किनाऱ्यावरची चाल साधारण तीन किलोमीटरची आहे. सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना ती झेपते, परंतु ती केवळ उतरत्या पाण्यातच सुरू करावी. वाटेत एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला स्पिटल्स व ब्लॅक व्हेन हे सतत ढासळणारे उतार आहेत. भरती चढू लागली की किनाऱ्याच्या काही भागांची वाट पाण्याने पूर्णपणे तुटते आणि चिखलाच्या त्या उतारांवर चढून सुटका करून घेण्याचा विचारही धोक्याचा ठरतो, कारण वरून कोरडा दिसणारा चिखल आत पाय ओढून घेतो. मे २००८ मध्ये स्पिटल्सची दरड कोसळली तेव्हा सुमारे ४०० मीटर लांबीचा किनारा एकदम खाली आला होता. याच दरडी जीवाश्म बाहेर काढतात, हेही तितकेच खरे. याच गावची प्रसिद्ध जीवाश्म-शोधक मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) हिने आपले बहुतेक शोध याच कड्यांखाली लावले. तिच्या भावाला आधी कवटी सापडलेल्या इक्थिओसॉरचा (माशासारख्या दिसणाऱ्या प्राचीन सागरी सरीसृपाचा) उरलेला सांगाडा तिने शोधून काढला तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. १८३३ मध्ये कोसळलेल्या दरडीखाली तिचा कुत्रा ट्रे गाडला गेला आणि ती स्वतः थोडक्यात बचावली. ही हकीकत मुलांना सांगितली, की कड्यापासून दूर राहण्याचा नियम त्यांना पुन्हा सांगावा लागत नाही.

किनाऱ्यावर सुटे पडलेले लहान जीवाश्म उचलायला येथे परवानगी आहे. कड्यात हातोडी मारणे मात्र टाळायचे असते, आणि महत्त्वाचा नमुना सापडला तर त्याची नोंद चार्मथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये करायची असते. मुलांचे सापडलेले दगड तेथे दाखवता येतात, हा त्या केंद्राचा मोठा गुण. परतताना तोच किनारा पुन्हा चालण्याचा हट्ट धरू नये, बसने यावे.

पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने लाइम रीजिस संग्रहालयाची मार्गदर्शकासह जीवाश्म-फेरी घ्यावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. फेरीची वेळ ओहोटीवरून ठरवलेली असते, त्यामुळे पालकांची निम्मी काळजी तेथेच मिटते. कोणता दगड उचलून पाहावा आणि कोणता सोडून द्यावा, हे जाणकाराने एकदा दाखवले की मुलांची नजर बसते. अगदी लहानांना सुरुवातीचे निरूपण लांबल्यासारखे वाटेल. हे संग्रहालय मेरीच्या जन्मघराच्याच जागेवर उभे आहे. २०२२ मध्ये गावात उभारलेला तिचा व तिच्या कुत्र्याचा पुतळाही जवळच आहे.

पाणी चढलेले असेल तर दोन पर्याय चांगले. पहिला, गावाच्या पूर्वेला गेल्या दशकात बांधलेल्या नव्या सागरी भिंतीवरची छोटी फेरी. दुसरा, लिम नदीच्या काठाने जुन्या पाणचक्कीजवळून अपलाइमकडे जाणारी सावलीची वाट. त्यात समुद्र दिसत नाही, पण वाऱ्याने हैराण झालेल्या मुलांना ती फार मानवते.

पश्चिमेची, अंडरक्लिफ या कड्याखालच्या ढासळलेल्या पट्ट्यातून सीटन गावाकडे जाणारी वाट मात्र लहान मुलांना घेऊन करू नये. १८३९ च्या नाताळात जमिनीचा प्रचंड भाग येथे समुद्राकडे सरकला आणि त्या भेगाळलेल्या भूमीवर आज घनदाट जंगल माजले आहे. निसर्ग म्हणून ते अपूर्व आहे. परंतु सुमारे अकरा किलोमीटरच्या या चालीत मधेच बाहेर पडायला वाट नाही आणि चढउतार व चिखल अखंड आहे, तेव्हा थकलेल्या मुलाला उचलून पुढे नेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. उंचावरून समुद्र पाहायचाच असेल तर १९१ मीटर उंचीचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सर्वांत उंच गोल्डन कॅप हा कडा निवडावा. लँग्डन हिलच्या वाहनतळापासून तेथवरची चाल बेताची आहे, फक्त माथ्यावर मुलांचा हात सोडू नये.

भरतीचे कोष्टक घेताना त्यातील वेळा ग्रिनिच वेळेनुसार छापलेल्या आहेत का, हे अवश्य तपासावे. तसे असल्यास उन्हाळ्यात त्यांत एक तास मिळवावा लागतो, आणि तो विसरल्यास परतीची सारी गणिते चुकतात. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती-ओहोटी असते. तेव्हा अमोनाइटांचे थर अधिक उघडे पडतात, पण पाणीही तितक्याच वेगाने परत येते. पाण्याने वेढलेले कोणी दिसले तर ९९९ वर फोन करून तटरक्षक दलाची मदत मागावी. मुसळधार पावसानंतर कड्यांखालच्या दोन्ही वाटा मी कोणालाही सुचवणार नाही.

गावाविषयी माझी खरी तक्रार त्याच्या उतारांविषयी आहे. समुद्रकाठ सोडला की प्रत्येक गल्ली चढाची, रस्ते अरुंद, आणि उन्हाळ्यात गाडी लावायला जागा मिळणे कठीण. हंगामात गावाबाहेर गाडी ठेवून बसने खाली उतरण्याची सोय असते, ती नि:संकोच वापरावी; दिवसभर किनाऱ्यावर चाललेल्या मुलांना तो शेवटचा चढ चालायला लावणे अन्यायाचे आहे.